मांजरीने पाडलेला गुण्या

उस्ताद, तुमचा गुण्या वाकडा आहे. फार नाही, फुटाला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. पण काटकोन बघायचं हत्यारच काटकोनात नसेल, तर एक सूत काय आणि एक हात काय. हे तुमच्या तोंडावर सांगायची माझी टाप झाली नसती, आणि तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली म्हणून आता धीर आलाय असंही नाही. गेल्या आठवड्यात लातूरला एका शेठच्या केबिनमध्ये माझी अब्रू सात सूत उघडी पडली, तेव्हा कळलं. तो गुण्या कशाने वाकडा झाला हे जगात फक्त मला ठाऊक आहे, असं मी परवापर्यंत समजत होते. तोही गैरसमज निघाला, म्हणून लिहायला बसले आहे. तुम्हाला मराठी वाचता यायचं, माझं अक्षर तेवढं वाचता यायचं नाही. मुंग्या घाबरून पळाल्यासारखं दिसतं म्हणायचात. तेव्हा आज सावकाश आणि मोठं लिहिते.

मी पहिल्यांदा तुमच्या दुकानात आले तेव्हा माझ्या काखेत ड्रॉइंगची गुंडाळी होती आणि डोक्यात इंटिरियरचा डिप्लोमा होता. नांदेडच्या ज्या आर्किटेक्टकडे मला नोकरी लागली होती, त्याने एका कपाटाचं काम दाखवायला तुमच्याकडे पाठवलं. तुम्ही गुंडाळी उघडलीही नाहीत. एक फळी पुढे सरकवली, पेन्सिल दिलीत आणि म्हणालात, "इंजिनेर बाई, सरळ रेघ मारून दावा." मी स्केल मागितली. तुम्ही असे हसलात की तुमचा चष्मा, जो एका बाजूने रबराने कानाला बांधलेला असायचा, तो गळ्यात आला. मला इतका राग आला की नोकरी सोडून तुमच्याकडेच शिकायला राहिले. मावशीच्या घरून रोज डबा घेऊन यायचे, आणि मावशी शेजाऱ्यांना सांगायची की पोरगी ऑफिसात जाते. संध्याकाळी माझ्या केसांतून भुसा गळायचा, तरी शेजारी कधी काही बोलले नाहीत. भली माणसं होती.

तुमच्याकडे मी सगळ्यात आधी शिकले ते गुण्या तपासायला. फळीच्या कडेला गुण्या लावायचा, रेघ मारायची, मग तोच गुण्या उलटा करून त्याच जागी दुसरी रेघ मारायची. दोन्ही रेघा एकावर एक बसल्या तर गुण्या खरा, फाकल्या तर खोटा. बाजारातून आणलेला नवा गुण्या तुम्ही दुकानदाराच्या काउंटरवरच उलटा करून बघायचात, आणि दुकानदार तोंड वाईट करायचा. तुमचा स्वतःचा गुण्या मात्र तुम्ही कधी उलटा करून पाहिल्याचं मला आठवत नाही. तो तुमच्या वडिलांचा. शिसवी मूठ, पोलादी पातं, पितळेचे तीन बारीक खिळे. त्याला तपासायचं म्हणजे बापाला ओळखपत्र मागण्यासारखं. आम्ही कुणी तो विचारही केला नसता.

आणि तुमची मांजर. तुम्ही तिला बेगम म्हणायचात आणि अहो-जाहो करायचात. आम्हाला अरे-तुरे, मांजरीला अहो. दुपारी तुम्ही चहाला कोपऱ्यावरच्या हॉटेलात निघालात की ती शेपूट उभी करून मागे चालायची, कारण हॉटेलवाला तिला बशीतली साय द्यायचा. परत येताना पुढे तुम्ही, मागे ती मिशा चाटत. त्या दुपारी मी एकटी दुकानात होते. तुमच्या गुण्याला हात लावायची परवानगी मला नव्हती, म्हणून तर हात लावला. मूठ तेलकट होती, की माझाच हात घामेजला होता कोण जाणे. गुण्या फरशीवर पडला, पात्याच्या टोकावर. तो टण्ण आवाज मला आज अठरा वर्षांनीही ऐकू येतो. उचलला, पुसला, आणि ठेवते न ठेवते तोच तुम्ही दारात. तुम्ही विचारलंत काय पडलं. मला समोर मांजर दिसली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं की मांजरीने गुण्या पाडला.

तुम्ही क्षणभर माझ्याकडे बघितलंत, मग मांजरीकडे. मग खाली वाकून, अगदी गंभीर चेहऱ्याने तिला म्हणालात, "काय वो बेगम, बापाचं हत्यार हाय, खेळणं न्हाई. आजपासून कामाच्या टायमाला आत यायचं न्हाई." दाराला आडवी फळी लावलीत. खरोखर लावलीत. त्यानंतर ती बिचारी दिवसभर फळीपलीकडे उंबऱ्यावर बसून राहायची. मी आत रंधा मारते आहे आणि ती बाहेरून माझ्याकडे एकटक बघते आहे, असे किती महिने गेले. तिला बोलता येत नव्हतं एवढाच मला आधार होता. मी रोज डब्यातली अर्धी पोळी दुधात कुस्करून तिला घालायचे, आणि तुम्ही मावशीला सांगितलंत की पोरीला प्राण्यांची लई माया आहे.

तिसऱ्या वर्षी तुम्ही शेजारच्या निवृत्त मास्तरांचं सागवानी कपाट केलंत. दरवाजा बसेना. खाली घासत होता, वर फट. तुम्ही हाताने चाचपून पाहिलंत, चष्मा पुसून पुन्हा पाहिलंत. मास्तर म्हणत होते चालतंय हो, तर तुम्ही दरवाजा उतरवून परत आणलात आणि खुर्चीवर बसून म्हणालात, "बस. नजर गेली." त्या महिन्यात तुम्ही काम थांबवलंत. पटाश्या कुणाला, रंधा कुणाला, असं सगळं वाटून टाकलंत, आणि गुण्या माझ्या हातात दिलात. म्हणालात, "बिल्लीसे सम्हालके रखना, बाई." मांजर तर आदल्या थंडीतच मेली होती. मला वाटलं, नजरेबरोबर आता आठवणही चालली. मी मान हलवली आणि बसस्टँडवर येईपर्यंत रडले.

आता लातूरची गोष्ट. एमआयडीसीत माझं शेड आहे, सहा माणसं आहेत, पॅनेल कापायचं मोठं मशीन आहे, आणि गुण्याचं काम आता भिंतीवर लाल रेघ पाडणारं लेझर करतं. पण एक रिवाज मी पाळला. कुठलंही काम घेतलं की पहिली रेघ तुमच्या गुण्याने. एखाद्या वाया तुकड्यावर मारायची, नमस्कार करायचा, की मग मशीन सुरू. हसू नका. वाया तुकड्यावरची रेघ म्हणून इतकी वर्षं काही बिघडलं नाही.

हे शेठ डाळमिलवाले. नवी तीनमजली इमारत बांधली आणि वरच्या मजल्यावर स्वतःची केबिन माझ्याकडे दिली. ही पसंत पडली तर बाकीचे दोन मजलेही माझेच, असं ठरलं होतं. मोबाइलमध्ये परदेशातल्या कुठल्या तरी ऑफिसचे फोटो घेऊन आले होते. टेबल आठ फुटी पाहिजे, समोरच्या खुर्च्या त्यांच्या खुर्चीपेक्षा दोन इंच खाली पाहिजेत, एक चोरकप्पा पाहिजे. चोरकप्प्यात काय ठेवणार विचारलं तर म्हणाले, ते मग बघू. तोंड उत्तरेला पाहिजे, आणि मागे दुपारी पडायला जागा, पण ती पडायची जागा आहे असं दिसायला नको. मी हे सगळं कागदावर बसवलं. टेबल भिंतीपासून निघून खोलीत येतं, आणि टेबलाची डावी कड आणि भिंत यांच्या कोपऱ्यात भिंतीला चिकटून सात फुटी साइड युनिट, फायली आणि प्रिंटरसाठी. कामाच्या मधल्या काळात शेठ दर दोन दिवसांनी शेडमध्ये यायचे आणि एकच गोष्ट विचारायचे: आप्पांना आवडेल का?

आप्पा म्हणजे त्यांचे वडील. सगळी उमर मोंढ्यात अडतीच्या दुकानात गादीवर, तक्क्याला टेकून बसलेले. तूर तळहातावर घेऊन एका फुंकेत तिचा भाव सांगणारा माणूस. इमारत बघून त्यांनी विचारलं होतं की इतक्या वर बसून डाळ दिसंल का. लिफ्टला ते उभी पेटी म्हणतात. मुलाने केलेल्या एकाही गोष्टीला त्यांनी आजवर बरं म्हटलेलं नाही, आणि पन्नाशीचे शेठ अजून त्याच एका शब्दाची वाट बघून राहिलेत. त्यांच्या चेहऱ्यावरून मला ते पहिल्याच दिवशी कळलं. मी तुमच्याकडे अडीच वर्षं काढली आहेत, उस्ताद, हा चेहरा मी आरशात पाहिलेला आहे.

तर टेबलाचं पान, म्हणजे वरची फळी, कापायच्या दिवशी शेठ नारळ आणि फोटोग्राफर घेऊन शेडमध्ये हजर. माझा पहिल्या रेघेचा रिवाज त्यांनी कुठून तरी ऐकला होता. म्हणाले, वाया तुकड्यावर कशाला, शुभ काम आहे, खऱ्या पानावरच मारा. मारली. टाळ्या पडल्या, फोटो निघाला. माझे मिस्त्री, मिशाळ, पंचावन्नचे, उदगीरकडचे, मशीनला लेझर लावून कापायला निघाले होते. पण ती रेघ बघून त्यांनी लेझर बंद केलं आणि उस्तादांच्या गुण्याची रेघ म्हणून अदबीने बरोबर तिच्यावरून पान कापलं. त्यांचीही चूक नाही. इतकी वर्षं मीच त्यांना तुमच्या गोष्टी सांगून सांगून भ्यायला लावलं होतं.

उद्घाटनाच्या आदल्या सकाळी आम्ही केबिनमध्ये जोडणी केली. टेबल बसलं, झकास बसलं. साइड युनिट टेबलाच्या कडेला घट्ट जुळवलं, आणि मी मागे होऊन बघते तर युनिट एका टोकाला भिंतीला चिकटलेलं आणि दुसऱ्या टोकाला भिंतीपासून रुसून बसलेलं. सात फुटात सात सूत. मी म्हटलं, भिंत वाकडी आहे. गवंड्याला बोलावलं. तो म्हणाला, भिंत वाकडी असेल तर मिशी काढीन. ओळंबा सोडला, दोरी लावली, कर्ण मोजले, भिंत सरळ. मग मी फरशीवर संशय घेतला. फरशीवाला आला, तोही भांडून गेला. मग मी हवेतल्या दमटपणावर आले, मे महिन्यात, लातूरला. एकजण म्हणाला वर पट्टी मारून टाकू, दिसणार नाही. मी त्याच्यावर इतकी ओरडले की तो जिन्यातच जाऊन बसला. पट्टी डॉक्टरने मारायची, सुताराने नाही, हे तुमचंच वाक्य मी जसंच्या तसं फेकलं. बोलताना आवाजसुद्धा तुमच्यासारखा झाला.

दुपारचा डबा झाल्यावर मिस्त्रींनी माझ्या पिशवीतून तुमचा गुण्या काढला. प्लायच्या तुकड्यावर एक रेघ मारली, उलटा केला, दुसरी मारली. दोन रेघा चिमट्यासारख्या फाकल्या. त्यांनी तुकडा माझ्यासमोर ठेवला आणि खाली बघत म्हणाले, "म्याडम, राग येऊ देऊ नका. गुण्या वाकडा हाय." आणि चहा आणायला निघून गेले. चहा तर आधीच आलेला होता. मी त्या तुकड्याकडे बघत राहिले. मला फरशीचा तो टण्ण आवाज आला, मग मास्तरांच्या कपाटाचा दरवाजा दिसला, मग तुम्ही खुर्चीत. नजर गेली नव्हती तुमची, उस्ताद. माझ्या हाताने गेली होती. शेठची केबिन, उरलेले दोन मजले, सगळं त्या वेळी डोक्यातून उडालं. इतकं वाईट मला बाप गेला तेव्हा वाटलं होतं.

आणि नेमके त्याच वेळी आप्पा वर आले. शेठ मागून, चेहरा परीक्षेच्या निकालासारखा. आप्पांनी टेबलाला एक फेरी मारली, बोटाने वाजवलं, समोरची खुर्ची बुटकी आहे हे बसल्या बसल्या ओळखलं आणि मुलाकडे एक नजर टाकली. मग त्यांना हातातली काठी ठेवायला जागा मिळेना. टेबलाला टेकवली, घसरली. भिंतीला टेकवली, घसरली. शेवटी त्यांनी ती युनिट आणि भिंतीच्या मधल्या फटीत घातली. काठी आत गेली आणि उभी राहिली, ताठ, मूठ बरोबर हाताशी. आप्पांनी ती बाहेर काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. म्हणाले, "ही जागा कुणी ठिवली? एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी काठीची आठवण झाली." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला. म्हणजे मी पुन्हा तेच केलं, या वेळी मांजरसुद्धा नव्हती.

ते मात्र मला पचलं नाही. उद्घाटनाच्या सकाळी पूजेच्या आधी शेठना बाजूला घेतलं आणि सांगितलं की ती फट काठीसाठी नाही, ती चूक आहे, माझ्या हत्याराची आणि माझी. दोन दिवसांत नवं युनिट करून देते. शेठ घाबरून इकडेतिकडे बघायला लागले. मला वाटलं आता काम गेलं. तर हलक्या आवाजात म्हणाले, "म्याडम, पाया पडतो, आप्पाला काय बी सांगू नका. काल घरी जेवताना म्हणले, हापिस बरं झालंय." डोळे भरले होते त्यांचे. बाकीच्या मजल्यांवरच्या केबिनमध्येही तशीच फट ठेवा म्हणाले, कारण आप्पा कुठेही जाऊन बसतात. आता मला सात सूत चूक मुद्दाम, मोजून करायची आहे. मिस्त्री म्हणतात, त्याला लई हुशार कारागीर लागतो.

रविवारी दुपारी घरी तुमचा गुण्या घेऊन बसले. पहिल्यांदाच तो नीट पाहिला, म्हणजे वस्तूसारखा. पात्याच्या टोकाला, काठावर, एक बारीक खाच आहे. ती मी पूर्वीही पाहिली होती, पण झिजून पडलेली समजत होते. भिंग आणलं. झिजेची नाही, तिकोनी कानशीने पाडलेली, स्वच्छ. म्हणून पात्याच्या कडेने रेघ न मारता, त्या खाचेत पेन्सिलीने टिंब केलं आणि पट्टी लावून ते मुठीपाशी पात्याच्या मुळाशी जोडलं. मग शेडमधला नवा गुण्या वर ठेवून पाहिला. काटकोन, केसाचाही फरक नाही.

म्हणजे तुम्ही त्याच संध्याकाळी, मी गेल्यावर, गुण्या उलटा करून पाहिलात. खाच पाडलीत, आणि पुढे सगळी कामं त्या खाचेतून केलीत. हातोडीने दोन टोले देऊन तो सरळ करता आला असता, तुम्ही दुसऱ्यांचे कितीतरी करून दिलेले मी पाहिलेत. पण ते दुकानात, माझ्यासमोर करावं लागलं असतं. आणि पुढे डोळे अधू झाल्यावर ती खाच तुम्हाला दिसेनाशी झाली असणार, म्हणून मास्तरांचं कपाट. हे असंच झालं असेल तर निम्मी चूक डोळ्यांची आणि निम्मी माझी. तेवढी माझी मी घेते, तुम्ही नाही म्हणालात तरी. आणि हे लिहिताना आणखी एक गोष्ट मला दिसली, जी अठरा वर्षांत दिसली नव्हती. त्या दुपारी मांजर मला समोर दिसली ती तुमच्या मागून दारातून आत येताना. साय खाऊन. मिशा चाटत. मी तुमच्याच डोळ्यांदेखत तुमच्याबरोबर आत आलेल्या मांजरीवर आळ घेतला, आणि तुम्ही वाकून तिला रागावलात.

हे पत्र कुठे टाकायचं हाही प्रश्नच आहे. तुमच्या दुकानाच्या जागी आता मोबाइलची कव्हरं विकतात, आणि तुम्ही जिथे आहात तिथे टपाल जात नाही. गुण्याच्या पिशवीतच ठेवते. गुण्या सरळ करून घेतलेला नाही. मिस्त्रींनी दोनदा विचारलं, दोनदा नको म्हटलं.

काल मिस्त्रींच्या हातून लेझर पडलं. नवं कोरं, काच फुटली. मी आवाज ऐकून ऑफिसातून बाहेर आले, तर पंचावन्न वर्षांचा तो मिशाळ माणूस छताकडे बघत म्हणाला, "मांजरीनं पाडलं, म्याडम." आमच्या शेडमध्ये एक मांजर येते खरी, पण तिला शेजारच्या तेलगिरणीत पिल्लं झालीत आणि ती चार दिवस इकडे फिरकलेली नाही. मी मिस्त्रींकडे बघितलं. मग रिकाम्या दाराकडे तोंड केलं आणि मांजरीला चार शब्द सुनावले, अहो-जाहो करून. दुसऱ्याच शब्दाला मला हसू फुटलं आणि ऑफिसात पळावं लागलं. उस्ताद, खरं सांगायचं तर एवढंच विचारायला मी हे लिहायला घेतलं होतं: त्या दुपारी तुम्ही हसू कसं आवरलंत?